जमिनींतून निघालेलें जहाज

हदगांवच्या मुलांनीं नाव पाहिली असेल ती बहुधा पैनगंगेंतली. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. तरीहि हा मुलूख ज्या देवगिरीच्या यादवांच्या सत्तेखालीं होता, त्यांपैकीं महादेव राजानें तेराव्या शतकांत कोंकणच्या शिलाहार सोमेश्वराशीं युद्ध केलें व सोमेश्वर समुद्रांत बुडाला, असें हेमाद्रीच्या ‘व्रतखण्डां’तील प्रशस्तीवरून कळतें. मुंबईंत बोरिवलीजवळ एकसर येथें कांहीं वीरगळ आहेत. त्यांवर डोलकाठ्या व वल्ह्यांच्या रांगा असलेलीं जहाजें कोरलेलीं असून तीं याच युद्धाचीं, असें कित्येक अभ्यासक मानतात.

परंतु दगडावरील शिल्पावरून जहाज बाहेरून कसें दिसे, एवढेंच समजतें. फळीस फळी कशी जोडली, हें खरें जहाज हातीं लागल्याशिवाय कळावें कसें? केरळांत आलप्पुळा जिल्ह्यांतील तैक्कल-कडक्करप्पळ्ळी येथें इ. स. २००२-०३ मध्यें असें एक जहाज खणून काढण्यांत आलें. लांबी अठरा मीटरांहून अधिक. लांकूड अंजिलीचें, म्हणजे फणसाच्याच जातींतील एका रानवृक्षाचें. तें अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यानचें असावें. त्यास फळ्यांचे दोन थर असून जोड लोखंडी खिळ्यांचा आहे. अरबी समुद्रांतील जुनीं जहाजें काथ्यानें शिवलेलीं असत, असें प्रवासवृत्तांतून वाचावयास मिळतें. म्हणून या खिळ्यांचें मोल मोठें.

इतकीं शतकें लांकूड कुजलें कसें नाहीं? चिखलांत हवा पोंचत नाहीं, त्यामुळें बुरशी व कीड तेथें तग धरीत नाहीं. पेशींत भरलेलें पाणीच लांकडाचा आकार सांवरून धरतें. खरें संकट उत्खननाच्या दिवशीं सुरू होतें. पाणी सुकलें कीं लांकूड आक्रसतें व तडकतें. म्हणून तें सतत ओलें ठेवून प्रत्येक फळीस क्रमांक द्यावयाचा, मापें घ्यावयाचीं, खिळ्याचें एकेक भोंक व वाकसाचा एकेक घाव चित्रांत उतरावयाचा. हें काम कंटाळवाणें वाटेल. पण फळी एकदां उचलली कीं ती मूळ जागीं कशी होती, हें सांगणारें त्या चित्रावांचून दुसरें कांहींच उरत नाहीं.

जर्मनींतील ब्रेमेन येथें वेझर नदींत १९६२ सालीं सांपडलेलें, सुमारें १३८० सालचें जहाज सुट्या तुकड्यांतून पुन्हां जोडलें गेलें. मेणासारख्या द्रव्यांत मुरवून, वाळवून तें लोकांसमोर ठेवावयास सन २००० उजाडलें.