घोड्यांचा मेंदूज्वर

१९३० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील हजारो घोडे मेंदूज्वराने आजारी पडले. कार्ल मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्याच्या मेंदूतून रोगाचा विषाणू वेगळा केला. डासाच्या दंशाने हा रोग घोड्याला होतो, हे १९३३ साली केल्सर यांनी प्रयोगाने दाखवून दिले.

मग डासाकडे विषाणू येतो कोठून? पक्ष्यांकडून! पक्ष्याच्या रक्ताबरोबर तो डासाच्या जठरात जातो, वाढतो आणि काही दिवसांनी लाळग्रंथींत पोहोचतो. पुढच्या दंशात तो लाळेबरोबर घोड्याच्या अंगात शिरतो. घोड्याच्या रक्तात मात्र तो इतका थोडा असतो, की दुसऱ्या डासाला बाधा होत नाही. म्हणून आजारी घोडा वेगळा बांधून साथ थांबत नाही. डास आवरावे लागतात आणि निरोगी घोड्यांना लस टोचावी लागते.

व्हेनेझुएलाच्या मेंदूज्वरात उलट घडते. त्यात घोड्याच्या रक्तात विषाणू विपुल असतो व घोडाच डासांना तो पुरवतो. १९७१ साली ही साथ टेक्सासमध्ये शिरली, तेव्हा लस टोचण्याबरोबर घोड्यांची ने-आणही रोखावी लागली.

युरोपात गोचिडीमुळे होणारा मेंदूज्वर घोड्यांना क्वचित होतो. गोचीड प्रत्येक अवस्थेत एकदाच रक्त पिते. पण विषाणू तिच्या शरीरात पुढच्या अवस्थेपर्यंत टिकतो. तेव्हा विषाणू कोणता व त्याचा वाहक कोण, हे कळल्यावरच उपाय ठरतो.