हातभर अंतरावरचा चेहरा




मागच्या गुरुवारी आरतीनंतर सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं, तेव्हा आपल्यातल्या एका काकूंची अकरावीतली नात हळूच खांबामागे सरकली. प्रसाद वाटताना काकू म्हणाल्या, "दोन महिने झाले, नाकाच्या ऑपरेशनचा हट्ट धरलाय तिनं. मोबाइलमध्ये नाक फार मोठं दिसतं म्हणते." आम्ही काहीजण हसलो. ते चुकलंच. पोरगी धड जेवत नाही, आणि आम्ही हसतो. म्हणून या आठवड्याचा अभ्यास याच विषयावर घेतला आहे. (हे तिला विचारूनच लिहीत आहोत.)

आपण सेल्फी काढतो तेव्हा मोबाइल चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर लांब असतो. नाक भिंगाच्या जवळ, कान काही इंच मागे. एवढ्याशा अंतरात ते काही इंचही फार ठरतात, म्हणून नाक फुगलेलं दिसतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ साली याचं गणित मांडलं. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक खालच्या बाजूला सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. ५ फुटांवरून काढला तर हा फुगवटा राहत नाही. सेल्फी दाखवून नाक बदलून मागणारे लोक दवाखान्यात येऊ लागले, म्हणून त्यांना हे गणित करावं लागलं!

दुसरी गंमत आरशाची. आपला चेहरा आपण जन्मभर आरशात पाहतो, म्हणजे डावं-उजवं उलटं. जग तो सुलटा पाहतं. १९७७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात बहुतेक बायकांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो आवडला, तर त्यांच्या जवळच्या माणसांना सुलटा. ज्याला ज्याची सवय, त्याला ते गोड. मग चेहरा खरा कोणता?

पूर्वी हा प्रश्न इतका छळत नसावा. लाला दीनदयाळ आपल्या इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७४ च्या सुमारास इथेच त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा आश्रय मिळाला, आणि पुढे ते हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्या काळी कॅमेरा तिपाईवर असायचा, समोरचा माणूस श्वास रोखून स्तब्ध. पण मुख्य म्हणजे पाहणारा दुसरा कुणीतरी असायचा, आणि तोही चार पावलं लांब. आपल्या आज्यांचे स्टुडिओतले फोटो आठवा. आला तसा आला, भिंतीवर लागला. पुसून परत काढायची सोय नव्हती.

द्रष्टा वेगळा, दृश्य वेगळं, हे आपण उपासनेत नेहमी ऐकतो. नाक दिसतं ते दृश्य. पाहणारा त्याहून निराळा. पण सोळा वर्षांच्या मुलीला एवढं सांगून भागत नाही. आमचं तरी कुठे भागतं? राजवाड्यासमोरचा फोटो टाकून किती अंगठे आले ते दर पाच मिनिटांनी बघणारे आम्हीही आहोतच. तेव्हा आधी कॅमेरा मागे न्यावा, वेदान्त नंतर.

*या आठवड्याचा अभ्यास :* एक सेल्फी काढा. मग घरातल्या कुणाला तरी पाच-सहा पावलं लांब उभं करून, थोडं झूम करून, त्याच उजेडात दुसरा फोटो काढून घ्या. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. कुठेही टाकू नका. कोणत्या फोटोवर मन रेंगाळतं आणि काय बोलतं, तेवढंच वहीत लिहा.

काकूंच्या नातीनं रविवारी हे करून पाहिलं. फोटो आजीनंच काढला, कोपऱ्यात आजीचं बोट आलं आहे. दोन्ही फोटो ती बराच वेळ बघत बसली होती, काही बोलली मात्र नाही. या गुरुवारी येणार आहे म्हणे. कृपया कुणी नाकाचा विषय काढू नये.