पाणबुडीच्या कॅप्टनसमोरचा पडदा कसा आखावा

पाण्याखालच्या पाणबुडीचा सगळा कारभार ऐकीव माहितीवर चालतो. ९ फेब्रुवारी २००१ रोजी अमेरिकेची ‘ग्रीनव्हिल’ ही अणुपाणबुडी हवाईतल्या ओआहू बेटाजवळ वेगाने वर आली आणि ‘एहिमे मारू’ या जपानी मत्स्यप्रशिक्षण जहाजावर खालून आदळली. ९ जणांचा जीव गेला. जहाजाचा आवाज सोनार या ध्वनियंत्रणेवर येत होता, पण जहाज जवळ असल्याचं कॅप्टनपर्यंत पोचलं नाही. कंट्रोल रूममधला पडदा आखताना ही घटना समोर ठेवावी.

१. आधी प्रश्न लिहा, मग चित्र काढा. कॅप्टनबरोबर सिम्युलेटरमध्ये बसा. पेरिस्कोपच्या खोलीवर येण्याआधी तो काय विचारतो ते टिपा: सर्वांत जवळ कोण? ते आपल्याकडे येतंय का? हे कशावरून म्हणता? ज्या माहितीने यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, तिला मुख्य पडद्यावर जागा देऊ नका.

२. मोजलेलं आणि अंदाजाचं वेगळं दाखवा. नुसतं ऐकणारा सोनार आवाजाची दिशा, म्हणजे बेअरिंग देतो. अंतर देत नाही. त्यासाठी पाणबुडी मार्ग बदलते आणि बदलाच्या आधीच्या व नंतरच्या अशा दोन्ही टप्प्यांत बेअरिंग कसं सरकलं यावरून गणित मांडलं जातं. पहिल्याच टप्प्यावर थांबलात, तर जवळचं संथ जहाज आणि दूरचं वेगवान जहाज सारखंच दिसू शकतं. म्हणून बेअरिंगची रेषा ठळक काढा, पण अंतरासाठी टिंब देऊ नका. टिंब दिसलं की जहाज तिथेच आहे असं माणूस धरून चालतो. रेषेवर लांबट लंबवर्तुळ काढा आणि खात्री वाढेल तसं ते आक्रसू द्या. किर्शेनबॉम आणि अरुडा यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशी आकृती शब्दांतल्या अंदाजापेक्षा उपयोगी ठरली होती.

३. माहितीचं वय लिहा. प्रत्येक जहाजाशेजारी ‘शेवटचं ऐकलं: ४ मिनिटांपूर्वी’ असा आकडा हवा. माहिती जुनी होत जाईल तसं लंबवर्तुळ आपोआप फुगलं पाहिजे.

४. हाताने बदललेला आकडा झाकू नका. ‘ग्रीनव्हिल’वर गणिताने जहाज सुमारे ४,००० यार्डांवर आणि जवळ येत असल्याचं दाखवलं होतं. पेरिस्कोपमधून काहीच दिसलं नाही म्हणून तंत्रज्ञाने ते अंतर ९,००० यार्ड करून टाकलं. बदल करण्याची मुभा राहू द्या. पण मूळ आकडा शेजारीच दिसू दे आणि दोन्हींत मोठी तफावत असेल तर कॅप्टनच्या पडद्यावर खूण उमटू दे.

५. क्रम धोक्याप्रमाणे लावा. कोणतं जहाज किती मिनिटांत सर्वांत जवळून जाईल, त्यानुसार यादी वरखाली होऊ द्या. बेअरिंग जागचं हलत नाही आणि आवाज वाढतोय, तर ते जहाज सगळ्यांत वर न्या. भोंगे मोजकेच ठेवा. रात्री कंट्रोल रूममध्ये दिवे मंद किंवा लाल असतात, तेव्हा धोक्याची खूण केवळ रंगाने न करता आकारानेही करा.

६. ‘कोणी नाही’ आणि ‘कळत नाही’ यांत फरक ठेवा. अपघाताच्या दिवशी ‘ग्रीनव्हिल’च्या कंट्रोल रूममधला सोनारचा पडदा बंद होता आणि पाणबुडीवर आलेल्या पाहुण्यांच्या गर्दीत कागदी नोंदतक्ता भरायचा राहिला होता. जिथलं ऐकू येत नाही तो भाग, उदाहरणार्थ पाणबुडीच्या पाठीमागचा, रेघोट्यांनी भरा. यंत्रणा बंद असेल तर तसं स्पष्ट लिहून येऊ दे.

७. चाचणी घेताना मुद्दाम चूक पेरा. नेहमीचं पथक सिम्युलेटरमध्ये बसवा, एका जहाजाचं अंतर चुकीचं द्या आणि मधेच एक सोनार बंद करा. ‘पडदा आवडला का?’ हे विचारून फारसं हाती लागत नाही. चूक किती वेळात लक्षात आली, कोणाच्या आली आणि कॅप्टनने वर येणं थांबवलं का, हे मोजा. थांबवलं नसेल, तर दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा.