शेंगा फेकू नकोस

पादोव्यात बिऱ्हाड केलंस, आता एप्रिल लागला की बाजारात मटाराचे ढीग दिसतील आणि तुला ‘रीझी ए बीझी’ करावंसं वाटेल. तांदूळ, मटार आणि पंचेता, म्हणजे डुकराच्या पोटाचं खारवलेलं मांस; मुख्य सामान एवढंच. व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपलं, तोवर २५ एप्रिलला संत मार्कच्या सणाला दोजेच्या, म्हणजे प्रजासत्ताकाच्या प्रमुखाच्या, ताटात हे वाढायची रीत होती. पण दोजेला वाढायचं म्हणून कुणी त्यात मांस वाढवलं नाही. चौघांना साठ-सत्तर ग्रॅम पंचेता, बास. मान मटाराचा.

किलोभर शेंगा घे. शेंग वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. कोल्ली बेरिचीच्या टेकड्यांतला, लुमिन्यानोचा मटार दिसला तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि आणशील त्याच दिवशी कर. तोडल्यापासून मटारातल्या साखरेचा स्टार्च होऊ लागतो. फ्रिजमध्ये ते मंदावतं, थांबत नाही.

आता मुद्द्याचं. सोललेल्या शेंगा फेकू नकोस, सूप त्यांच्यातच आहे. स्वच्छ धू, देठ-शिरा काढ, अर्धा कांदा टाकून दीड लिटर पाण्यात तासभर उकळ. मग तिथे हाताने फिरवायची गाळणी मिळते, पास्सावेर्दुरे म्हणतात, तिच्यातून दाबून काढ. मिक्सरच लावलास तर नंतर गाळून घ्यायला विसरू नकोस. शेंगेच्या आतला चिवट पापुद्रा दातात येतो. हिरवट, गोडसर रस निघेल, तोच वापरायचा. काही जणी त्याऐवजी कोंबडीच्या स्टॉकची वडी टाकतात. टाकू देत. तू नको टाकूस.

तांदूळ व्हियालोने नानो, दोनशे ग्रॅम. हात शिवशिवतील, पण धुवायचा नाही. वरचा स्टार्चच सूपाला अंग देतो. लोणी आणि जरासं ऑलिव्ह तेल तापवून बारीक कांदा मंद आचेवर मऊ कर, लाल नको. पंचेताचे बारीक तुकडे घाल. धुरी दिलेला आणू नकोस, धुराच्या वासापुढे मटाराचं काही चालत नाही. चरबी काचेसारखी दिसू लागली की दाणे आणि वाटीभर रस. दाणे जून असतील तर पाच-सात मिनिटं आधी शिजू दे. कोवळे असतील तर तांदूळ अर्धा झाल्यावरच टाक. मग उरलेला रस उकळता घालायचा आणि तांदूळ सोडायचा. रिझोत्तोसारखं पळी-पळीने घालत उभं राहायला नको, अधूनमधून ढवळलं की झालं. पंधरा मिनिटांत होतं. आलं-लसणाचा डबा उघडूसुद्धा नकोस.

दाटपणा आसट खिचडीचा ठेव, पळीवाढा. काट्याने उचलता आलं तर घट्ट झालं समज, रस घाल. गॅस बंद करून लोण्याचा गोळा, किसलेलं पार्मेजान आणि पार्स्ली. मीठ सगळ्यांत शेवटी, चाखून. पंचेता आणि चीज दोन्ही खारट. ठेवून चालत नाही, तांदूळ रस पीतच राहतो. म्हणून माणसं घरात आल्यावरच तांदूळ टाक. उरलंच तर दुसऱ्या दिवशी अंडं कालवून टिक्क्या तळ.

इंद्रायणी तांदूळ चालेल का, हे विचारशीलच. चालतो, पण लवकर गळतो आणि त्याचा सुवास मटाराला झाकतो.

सासूबाई येतील तेव्हा पंचेता नुसता वगळून भागायचं नाही. पार्मेजान आणि ग्राना पादानो, दोन्हींत दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट असतं. त्यांच्यासाठी वनस्पतिजन्य रेनेटचं चीज आण, पाकिटावर लिहिलेलं असतं. आणि लोणी चमचाभर जास्त घाल.