थांबायची वेळ घरून निघतानाच ठरवा

बदामीच्या कातळावर चढायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले, हे पुण्या-मुंबईच्या प्रत्येक क्लाइंबरला ठाऊक असतं. पण कुणाची परीक्षा, कुणाचं मार्चएंडिंग, कुणाच्या घरचं लग्न यांतून सगळ्यांच्या सुट्ट्या जुळतात त्या नेमक्या मे महिन्यात. मग ‘पहाटे चढू, दुपारी झोपू’ असं म्हणत गाडी सोलापूरच्या रस्त्याला लागते. आम्हीही असेच निघालो होतो. उन्हाळ्यात जाऊच नका, असं सांगण्यासाठी हे लिहीत नाही. जाता येतं. मात्र उन्हाळ्यात कातळ तोच, दोर तोच, माणसंही तीच असली तरी वेळ फार थोडा हाती लागतो. सकाळचे दोन-तीन तास आणि संध्याकाळी अंधार पडण्याआधीचा थोडा अवधी. सगळी हौस तेवढ्यात भागवायची घाई होते आणि घात होतो तो त्या घाईत.

बदामीच्या लाल वालुकाश्माच्या भिंती उभ्या, सरळ आणि चढायला देखण्या. आमची भिंत पश्चिमेकडे तोंड करून होती, त्यामुळे सकाळी तिच्यावर सावली. उजाडल्या उजाडल्या चढाई सुरू केली, ती मजेत चालली होती. नऊच्या पुढे सूर्य भिंतीच्या माथ्यावर आला. बाटल्या संपत आल्या होत्या, हात घामाने निसटत होते, चॉक लावला की क्षणात चिखल. सामान आवरायला घेतलं, तेवढ्यात एक मित्र म्हणाला, “एक शेवटचा मारतो, मग जाऊ.” भिंतीवरचा सगळ्यात लांब रूट त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून होता. चढला तो झकास. वरच्या अँकरला दोर लावला आणि “घे खाली” म्हणाला.

बिले देणारा वर बघत त्याला लोअर करत होता आणि वर बघायचं म्हणजे थेट सूर्याकडे. डोळे किलकिले करून तो दोर सोडत राहिला. पायाशी दोराचा ढीग संपलाय, हे मला सामान भरताना दिसलं. “अरे थांब, दोर संपला!” हे शब्द तोंडातून निघेपर्यंत दोराचं टोक बिले डिव्हाइसमधून सरकन निघून गेलं होतं. वरचा गडी पुरुषभर उंचीवरून खालच्या फरशीसारख्या कातळावर दोन्ही टाचांवर आदळला.

दोर साठ मीटरचा म्हणून घेतलेला. पण वापरून टोकं फुसफुशीत झाली की ती कापायची पद्धत असते, तशी ती अधूनमधून कापली गेली होती. संध्याकाळी लॉजच्या गच्चीवर वावांनी मोजला, तर पंचावन्न मीटरही भरेना. हिशेब साधा आहे. अँकर तीस मीटरवर असेल, तर माणूस जमिनीवर उतरवायला साठ मीटर दोर लागतो. दोराच्या पिशवीवर छापलेला आकडा विकत घेतला त्या दिवसाचा असतो. मधोमध असलेली खूणही एकाच बाजूचं टोक कापलं की मधोमध राहत नाही.

म्हणून पहिली गोष्ट. निघण्याआधी घरी दोर मोजा आणि आजची लांबी पिशवीवर पेनने लिहा. दुसरी गोष्ट याहून सोपी: चढणारा जमीन सोडण्याआधी दोराच्या मोकळ्या टोकाला जाडजूड गाठ मारा, नाहीतर ते टोक बिले देणाऱ्याच्या हार्नेसला बांधा. गाठ डिव्हाइसपाशी येऊन अडकते आणि माणूस हवेत लटकत राहतो. लटकलेल्या माणसाला उतरवायच्या युक्त्या आहेत. एकमेकांची तपासणी करताना हार्नेसचं बकल, फिगर ऑफ एट, कॅरॅबिनरचं लॉक हे सगळे बघतात. त्यात ‘टोकाला गाठ?’ हा प्रश्न मोठ्याने विचारायची सवय लावा. उन्हाळ्यात बिले देणाऱ्याला टोपी आणि गॉगल हवाच. हेल्मेट दोघांनाही.

पडल्यावर मित्र लगेच उठायला लागला. “काही नाही रे, मुरगळलाय.” त्याला उठू दिलं नाही, हे बरं झालं. उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाच्या टाचेच्या हाडाबरोबर कधीकधी कमरेचा मणकाही दबतो आणि टाचेच्या कळांपुढे पाठीचं दुखणं त्याला जाणवतच नाही. म्हणून अशा माणसाला चालवायचं नाही, बसतं करायचं नाही, खांद्याला धरून लंगडत न्यायचं नाही. पाठ आणि मान सरळ ठेवून आडवंच ठेवायचं, सावली करायची आणि 108 ला फोन करायचा. हा नंबर कर्नाटकातही चालतो. क्लाइंबिंगचे शूज मुळातच घट्ट, सूज चढली की पाय आवळतात, म्हणून नाड्या पूर्ण सैल करायच्या. इस्पितळात डॉक्टरांनी पायाआधी पाठ तपासली. मणका शाबूत होता. डाव्या टाचेचं हाड मोडलं होतं, म्हणजे कित्येक आठवडे पाय टेकायचा नाही.

त्या सकाळी मदत येईपर्यंत आमच्याकडे पाणी उरलं होतं ते घसा ओला करण्यापुरतं. त्यामुळे पाण्याचा हिशेब तहानेवर सोडू नका. दिवसभर उन्हात हिंडणाऱ्याला माणशी चार-पाच लिटर पाणी लागतं. शिवाय एक पूर्ण बाटली ‘अपघाताची’ म्हणून वेगळी ठेवा, तिला कुणी हात लावायचा नाही. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, घामावाटे मीठ जातं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या लिटरात दाट करू नका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे ही शरीराची पहिली सूचना असते. तेव्हाच हार्नेस उतरवून सावलीत बसा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला, तर तो उष्माघात समजा. अंगावर पाणी ओतत, वारा घालत त्याला लगेच गार करायला घ्या आणि रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

बदामीची मेमधली दुपार कातळावर काढायची नसतेच. बदामीजवळची बनशंकरी हे महाराष्ट्रातल्याही अनेक घराण्यांचं कुलदैवत. तिच्या देवळापाशी बायका टोपल्यांमध्ये भाकरी, झणझणीत चटणी आणि दही घेऊन बसतात. ते खाऊन खोलीवर पडी टाका. झोप येत नसेल तर बदामीच्या तिसऱ्या लेण्यात जा. तिथे चालुक्य मंगलेशाचा शके 500 चा, म्हणजे इ.स. 578 चा शिलालेख आहे आणि मुबलक सावली. लेण्यांच्या नि देवळांच्या आसपासच्या भिंतींवर मात्र चॉकचे हात उमटवायचे नाहीत. ती संरक्षित स्मारकं आहेत. आणि बदामीच्या माकडांसमोर पिशवी उघडी टाकू नका, ओआरएसची पाकिटंसुद्धा पळवतात.

मेमध्ये वळीव कधीही येतो. ढग गडगडले की दोर काढून कड्यापासून लांब व्हा. दुसऱ्या दिवशी कातळ वरून कोरडा दिसला तरी लगेच चढू नका. वालुकाश्म पाणी पितो, ओलेपणी त्याच्या पातळ पकडी तुटतात आणि एकदा तुटलेली पकड पुढच्या कुणालाच मिळत नाही. आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या कातळाला हा त्रास कमी, तिथे आग्या मोहोळाचं भय जास्त. कड्यावर पोळं दिसलं तर रूट बदला. अत्तर, धूर, आरडाओरडा यातलं काहीही नको.

आता गाडीबद्दल. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. उन्हात पळालेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा सोडू नका. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर किती म्हातारा आहे, ते त्यावरून कळतं. डिकीत बॅटरी किंवा अ‍ॅसिडचा डबा असेल तर दोर आणि हार्नेस तिथे ठेवू नका. नायलॉन अ‍ॅसिडने आतून कुजतो आणि वरून काही दिसत नाही. आरोग्य विमा असेल तर पॉलिसीत साहसी खेळांचा अपवाद कोणत्या शब्दांत लिहिलाय, तेही निघण्याआधी वाचा.

जायच्या प्रवासापेक्षा परतीचा प्रवास वाईट. सकाळी चढाई, दिवसभर ऊन, आणि ‘उद्या ऑफिस आहे’ म्हणून रात्री स्टिअरिंग हाती. विजापूर ते सोलापूर हा पहाटे दोन ते पाचचा पट्टा जागरण आणि थकवा दोन्ही घेऊन कसा झेपणार? परतायच्या दिवशी हार्नेस चढवायचाच नाही, हा नियम करा. रजा एक दिवस जास्त टाका. ती टाकता येत नसेल, तर एक दिवस कमी चढा.

या सगळ्या सूचनांचं मूळ एकच. थांबायचं कधी, हे भिंतीखाली उभं राहून ठरवता येत नाही. तिथे रूट समोर दिसत असतो, मित्र चढलेला असतो, सुट्टी संपत आलेली असते. म्हणून निघण्याआधी चहाच्या टेबलावर तीन वेळा कागदावर लिहा: सकाळी शेवटचा माणूस भिंतीवरून कधी उतरणार, गाडी रात्री कितीला थांबणार, परतीला कधी निघणार. आणि ‘पुरे’ म्हणण्याचा हक्क आधीच एकाला देऊन टाका, शक्यतो ज्याला त्या रूटची सगळ्यात कमी हौस आहे त्याला. त्याने ‘पुरे’ म्हटलं, की कितीही दम उरला असला तरी दोर गुंडाळायला घ्यायचा. ‘एक शेवटचा’ घ्यायचा नाही.