दाट लागवड आणि औषधी मूळ

आस्कंदाच्या (अश्वगंधेच्या) मुळांची जुडी सोडली असता करंगळीएवढी जाड मुळे थोडी आणि काडीसारखी बारीकच अधिक, हा अनुभव अनेक वैद्यांना असेल. दोष आपण बियाण्यास वा जमिनीस देतो. रोपांतील अंतराचा विचार क्वचितच होतो. तो आम्ही येथे करीत आहोत.

वराहमिहिराने (सहावे शतक) बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाध्यायात दोन वृक्षांमधील वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम व बारा कनिष्ठ मानले आहे. जवळजवळ वाढलेले, परस्परांस स्पर्श करणारे व मुळे एकमेकांत मिसळलेले वृक्ष पीडित होऊन नीट फळत नाहीत, असे कारणही तो देतो. यातील मुळांचा उल्लेख आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. स्पर्धेचा हा भाग डोळ्यांस दिसत नाही.

या पीडेचे गणित जपानमध्ये मांडले गेले. किरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखविले की, एका मर्यादेपलीकडे रोपे वाढविली तरी क्षेत्राचे एकूण वजन वाढत नाही. तेच वजन अधिक रोपांत वाटले जाते. हा वाटाही समान नसतो. पाणी व पोषक द्रव्ये साधारणतः ज्याच्या त्याच्या आकाराच्या प्रमाणात मिळतात. प्रकाशाचे तसे नाही. थोडे उंच रोप शेजाऱ्यावर सावली धरते आणि अधिकच उंच होते. खालची रोपे खुरटतात, अखेर मरतात. योदा व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दिलेल्या स्वयंविरलनाच्या नियमानुसार रोपे एक चतुर्थांश उरेपर्यंत त्यांचे सरासरी वजन सुमारे आठपट होते. (प्रत्येक वनस्पतीत हा आकडा तंतोतंत येतोच असे नाही.)

आस्कंद पुष्कळदा फोकून पेरतात. बी बारीक असल्याने रोपे गच्च उगवतात आणि सुमारे महिन्याने विरळणी करावी लागते. जिवंत रोप उपटणे शेतकऱ्याच्या जिवावर येते, मजुरीही पडते. विरळणी टाळली तरी काट्यावरील एकूण वजन पुष्कळदा फारसे घटत नाही, म्हणून हानी जाणवत नाही. ती प्रतवारीत उघड होते. शिवाय वरील नियम संपूर्ण रोपाचा आहे. अति दाटीत मुळाचा वाटा घटूही शकतो.

जाडी म्हणजे वीर्य नव्हे; त्यासाठी स्वतंत्र परीक्षण हवेच. तथापि मुळे घेताना पेरणी ओळीत होती की फोकून, विरळणी केव्हा झाली, हे वैद्यांनी अवश्य विचारावे. अति विरळ लागवडही नको, कारण रिकाम्या जागेचा वाटा तण घेते.