पूर ओसरल्यावर काय द्यावे?

बेट म्हटले की दिवाडी, चोडण ही नावे आपल्यापुढे उभी राहतात. तेथील मंडळींना फेरीबोटीची पिढीजात सवय आहे. परंतु काही गावे पुराच्या दिवसापुरतीच बेटे होतात, आणि त्यांची अवस्था अधिक बिकट. कारण दारी होडी नाही. पेडणे तालुक्यातील इब्रामपूर, हणखणे, चांदेल-हसापूर व डिचोली तालुक्यातील साळ (गड्यांच्या जत्रेमुळे हे गाव आपणां सर्वांस ठाऊक आहेच) ही अशी गावे होत.

दोडामार्गाकडून येणारी तिळारी नदी गोव्यात पुढे शापोरा म्हणून समुद्रास मिळते. अतिवृष्टीत वरच्या धरणातून पाणी सोडावे लागले की ते काठच्या घरांत शिरते. ऑगस्ट २०१९ मध्ये तसे झाले. २३ जुलै २०२१ रोजी तर गोव्यात १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर आल्याचे मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांनी सांगितले.

अशा वेळी आपल्यासारख्या संस्थांनी काय न्यावे? पहिले दोन दिवस शिजवलेले अन्न, प्यायचे पाणी व कोरडी अंथरूण-पांघरुणे हवीत, हे कोणीही सांगेल. खरी अडचण तिसऱ्या दिवसापासून सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या घरोघरी पुरुमेंत भरले जाते: उकडे तांदूळ, मिरच्या, चिंच, सोले, मीठ, खारवलेली मासळी. जुलैच्या पुरात वाहून जाते ते हे सारे, म्हणजे चवथीपर्यंतचे घर. म्हणून आमच्या मते बिस्किटांच्या पुड्यांपेक्षा दीड-दोन महिन्यांचा शिधा, आणि दुकान उघडे असेल तेथे रोख रक्कम द्यावी. जुने कपडे मात्र गोळा करू नयेत. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते.

दुसरी गोष्ट विहिरीची. गढूळ पाणी उपसून विहीर पुन्हा भरू द्यावी. मग माप घ्यावे: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली (दोन्ही मीटरमध्ये), त्यास ३.१४ ने गुणून ४ ने भागले की घनमीटर मिळतात. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. व्यास २ मीटर व पाणी ३ मीटर असेल, तर सुमारे ९,४०० लिटर झाले. दर हजार लिटरना चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर अदमासे अडीच ग्रॅम, म्हणजे येथे २३ ते २४ ग्रॅम. पाणी अजून मळके असेल तर अधिक लागते. ते आरोग्य केंद्राच्या माणसाकडून ठरवून घ्यावे. पावडर बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा, वरचे निवळ तेवढेच विहिरीत सोडून ढवळावे. निदान तासभर पाणी काढू नये.

उत्साही तरुणांस एक विनंती. चिखल उपसण्यास धावण्यापूर्वी तलाठ्याचा पंचनामा झाला आहे काय, ते घरधन्यास विचारावे. नसल्यास निदान पडक्या भिंतींची छायाचित्रे काढून घ्यावीत. साफ केलेल्या घराची नुकसानी सिद्ध करणे कठीण जाते.

शेताकडेही पाहावे. लावणी गाळाखाली गेली असेल, तर पैशापेक्षा तरवा मोलाचा. वरच्या अंगाच्या गावांत ज्यांचा तरवा लावून उरला असेल त्यांच्याकडून त्याच आठवड्यात जुड्या मिळवून टेंपोने पोहोचवाव्यात. पंधरा दिवसांनी नेलेल्या तरव्याचा उपयोग थोडाच.